वर्गणी आणि खंडणी : मित्रराष्ट्रांच्या संरक्षणखर्चाचा एक शब्देतिहास

पेलोपोनेशियन युद्धाचा इतिहासकार थ्युसिडिडीस आपल्या ग्रंथाच्या पहिल्याच भागात एका शब्दापाशी क्षणभर थांबतो. इ. स. पू. ४७८–४७७ मध्ये अथेन्सच्या नेतृत्वाखाली ग्रीक नगरांचा जो नाविक संघ स्थापन झाला, त्याची हकीकत तो सांगत असतो. इराणच्या बादशहाविरुद्ध लढण्यासाठी कोणत्या नगरांनी जहाजे द्यावीत व कोणत्या नगरांनी पैसा द्यावा हे अथेन्सने ठरविले. पैसा स्वीकारण्यासाठी ‘हेलेनोतामिआइ’ म्हणजे ‘हेलेनांचे कोषाधिकारी’ नेमले, आणि ते सर्व अथेनियन होते. पहिली आकारणी ४६० टॅलंट झाली. खजिना डेलॉस बेटावर ठेवण्यात आला व सभा तेथील देवालयात भरू लागल्या. एवढे सांगत असताना तो मध्येच नमूद करतो की, पैशाच्या ह्या भरण्यास ‘फोरोस’ असे नाव देण्यात आले. ज्या वाचकांच्या तोंडी हा शब्द रोजचा होता, त्यांनाच तो समजावून सांगण्याचे प्रयोजन काय असावे?

प्रस्तुत लेखक भाषाशास्त्राचा अभ्यासक आहे. ग्रीक इतिहासाच्या क्षेत्रात त्याचा अधिकार पाहुण्याचाच म्हणावा लागेल. तथापि ह्या प्रश्नाचे उत्तर शोधू लागल्यावर असे दिसून येते की, मित्रराष्ट्रे संयुक्त संरक्षणाचा खर्च वाटून घेऊ लागतात तेव्हा रक्कम किती ह्या वादाच्या जोडीला त्या रकमेस काय म्हणावे हाही वाद चालू असतो, आणि हा दुसरा वाद शब्दच्छल मानून सोडून देण्याजोगा नसतो. आपल्या भाषेत ‘वर्गणी’ आणि ‘खंडणी’ हे दोन शब्द आहेत. दोहोंतही पैसा एका हातातून दुसऱ्या हातात जातो. परंतु वर्गणी देणारा हिशेब मागू शकतो. खंडणी देणाऱ्याने हिशेब मागितला असे कोणी ऐकलेले नाही. अथेन्सच्या संघाचा इतिहास हा पहिल्या शब्दाचा अर्थ दुसऱ्या शब्दाकडे कसा सरकत गेला ह्याचा इतिहास आहे.

‘फोरोस’ हे नाम ‘फेरेइन’ म्हणजे वाहून आणणे ह्या धातूपासून सिद्ध झाले आहे. संस्कृत ‘भृ’, ‘भरति’ हे त्याचेच सगोत्र होत. मूळ भारतयुरोपीय महाप्राण ओष्ठ्य वर्ण संस्कृतात ‘भ’ व ग्रीकमध्ये ‘फ’ असा उतरतो, हे सर्वज्ञात आहे. त्याच ‘भृ’पासून मराठीत ‘भरणे’ व ‘भरणा’ हे शब्द आले. तेव्हा मराठी माणूस सरकारी कचेरीत जो भरणा करतो, तो व्युत्पत्तीच्या दृष्टीने अथेन्सच्या फोरोसचा भाऊबंदच म्हटला पाहिजे. मूळ शब्दात अपमानाचा अंशही नाही. आणून दिलेली वस्तू एवढाच त्याचा अर्थ. थ्युसिडिडीस लिहीत होता त्या काळी मात्र शब्दावर निराळी छटा चढली होती, आणि म्हणूनच, असे आम्हांस वाटते, आरंभी हे केवळ एक नाव होते ह्याची आठवण त्याला करून द्यावीशी वाटली.

पहिली आकारणी ॲरिस्टायडीस ह्याने केली. प्रत्येक नगराची जमीन व उत्पन्न पाहून त्याने आकडे ठरविले, आणि ते न्याय्य होते असा त्याचा लौकिक पुढे शतकानुशतके टिकला. ह्या लौकिकाचा सबळ पुरावा चरित्रकारांच्या स्तुतीपेक्षा एका तहनाम्यात सापडतो. इ. स. पू. ४२१ मध्ये अथेन्स आणि स्पार्टा ह्यांच्यात जो तह झाला, त्यात अकॅन्थस, ऑलिंथस इत्यादी उत्तरेकडील काही नगरांनी ‘ॲरिस्टायडीसच्या वेळचा’ फोरोस द्यावा आणि स्वतंत्र राहावे असे कलम आहे. अर्धशतकापूर्वीची आकारणी शत्रूपक्षानेही प्रमाण मानावी, ही गोष्ट सामान्य नव्हे. परंतु त्याच कलमावरून हेही उघड होते की, मधल्या काळात आकारणी त्या प्रमाणापासून फार दूर गेली होती.

ती कशी दूर गेली हे पाहण्यापूर्वी थोडा हिशेब करणे इष्ट होईल. एक टॅलंट म्हणजे ६,००० द्राख्मा, किंवा सुमारे २६ किलो चांदी. तीन ओळींत वल्हेकरी बसणाऱ्या त्या काळच्या युद्धनौकेवर सुमारे २०० माणसे असत. इ. स. पू. ४१५ मध्ये सिसिलीतील सेगेस्ताच्या वकिलांनी साठ जहाजांच्या एका महिन्याच्या पगारासाठी साठ टॅलंट चांदी अथेन्सला आणली, असे थ्युसिडिडीस सांगतो. म्हणजे माणशी रोज एक द्राख्मा ह्या दराने एका जहाजाला महिन्यास एक टॅलंट. पूर्वीच्या काळी हा दर निम्मा होता असे मानले, तरी एक जहाज सहासात महिने समुद्रावर ठेवण्यास तीन-साडेतीन टॅलंट लागत, आणि जहाज बांधण्याचा खर्च वेगळा. संघातील कित्येक नगरांची सबंध वर्षाची आकारणी एका टॅलंटहूनही कमी होती. अशा एखाद्या चिमुकल्या बेटाने जहाज द्यावे तरी कसे? त्याने पैसा द्यावा व इतरांच्या पैशात मिळवून अथेन्सने जहाज चालवावे, ही व्यवस्था सोयीची होती, आणि प्रारंभी तरी ती कोणी कोणावर लादलेली नव्हती.

थ्युसिडिडीसचे ह्या विषयीचे निदान कठोर आहे. नगरे फितूर होण्याची मुख्य कारणे, तो म्हणतो, पैशाची व जहाजांची थकबाकी आणि काही ठिकाणी मोहिमेवर येण्यास नकार ही होती. अथेन्सची वसुली कडक होती. परंतु ह्या अवस्थेला मित्रच जबाबदार होते असे तो बजावतो. घर सोडून दूर लढावयास जाण्याचा कंटाळा म्हणून बहुतेकांनी जहाजांऐवजी पैशाची आकारणी मागून घेतली. त्यांच्या पैशावर अथेन्सचे आरमार वाढले, आणि बंड करण्याची वेळ आली तेव्हा त्यांच्याजवळ ना साधन उरले ना सराव. हे सारे खरे. परंतु सेगेस्ताच्या हिशेबावरून पाहता हा कंटाळा केवळ आळस नव्हता असे आमचे मत आहे. लहान नगरापुढे दुसरा मार्गच नव्हता. थ्युसिडिडीस स्वतः सेनापती होता. शिपायास गैरहजर माणसाविषयी जो राग असतो तो त्याच्या ह्या वाक्यांत डोकावतो.

मोठ्या नगरांची गोष्ट निराळी. नॅक्सॉस फुटून निघू लागले तेव्हा त्याला वेढा घालून वठणीवर आणण्यात आले. प्रस्थापित रीतीविरुद्ध जिचे स्वातंत्र्य गेले अशी ती पहिली मित्रनगरी. थासॉस बेटाजवळ स्वतःचे आरमार होते. समोरच्या किनाऱ्यावरील बाजारपेठा व एक खाण ह्यांवरून त्याचा अथेन्सशी खटका उडाला, इ. स. पू. ४६५ मध्ये त्याने बंड केले, आणि तिसऱ्या वर्षी शरणागती पत्करली. तट पाडणे, जहाजे स्वाधीन करणे, तत्काळ दंड व पुढे नियमित फोरोस देणे ह्या अटी होत्या. जहाजे देणारा मित्र पैसे देणारा मित्र कसा बनतो ह्याचा हा दुसरा मार्ग. पुढे सॅमॉसचीही इ. स. पू. ४३९ मध्ये तीच गत झाली, आणि स्वतःची जहाजे असलेली नगरे म्हणून किऑस बेट व लेस्बॉसवरील नगरे एवढीच उरली. इ. स. पू. ४२८ मध्ये लेस्बॉसमधील मितिलीनी फुटले. त्याच्या वकिलांनी ऑलिंपिया येथे केलेले जे भाषण थ्युसिडिडीसने दिले आहे त्यात एक मार्मिक मुद्दा आहे : संघात प्रत्येक नगरास एक मत होते, आणि मते इतकी झाली म्हणूनच दुर्बळांना एकत्र येऊन स्वतःचे रक्षण करणे शक्य झाले नाही. मतांची समानता आणि नौकांची विषमता एकाच सभागृहात नांदत होती.

इ. स. पू. ४५४ मध्ये खजिना डेलॉसहून अथेन्सला हलविण्यात आला. त्यानंतरच्या काळाविषयी आपणांस जे ज्ञान आहे ते पुष्कळ अंशी दगडावर कोरलेले आहे. जमलेल्या फोरोसचा साठावा हिस्सा अथेना देवीस अर्पण होई, आणि त्या हिश्शाच्या वार्षिक याद्या शिलास्तंभांवर कोरल्या जात. पहिल्या पंधरा वर्षांच्या याद्यांचा स्तंभ साडेतीन मीटरांहून अधिक उंच होता. त्याचे तुकडे जुळवून तो अथेन्सच्या शिलालेख-संग्रहालयात उभा केला आहे. यादीत एखाद्या नगरापुढे ३०० द्राख्मा असे असल्यास त्याला साठाने गुणून १८,००० द्राख्मा, म्हणजे तीन टॅलंट, ही मूळ रक्कम मिळते. थासॉस आरंभीच्या याद्यांत तीन टॅलंट देताना दिसते व नंतर तीस. मानवी स्वभावाची गंमत अशी की, मित्रांनी दिलेल्या पैशाचा सबंध हिशेब कोठेही कोरलेला नाही; कोरला आहे तो देवीच्या वाट्याचा. हिशेब मागण्याचा अधिकार मित्रांचा राहिला नसून देवीचा झाला होता, असा ह्याचा अर्थ केल्यास तो फार ओढून ताणून होणार नाही.

वसुलीची यंत्रणाही बारकाईने बांधली गेली. क्लेइनिअस नावाच्या गृहस्थाच्या ठरावानुसार प्रत्येक नगराने पाठविलेली रक्कम एका पाटीवर लिहून ती मोहोरबंद करावी, अथेन्सच्या मंत्रिमंडळात पाटी उघडून वाचावी व रक्कम ताडून पाहावी, म्हणजे पैसा आणणाऱ्यास वाटेत काही काढून घेता येणार नाही, असे ठरले. वसंतातील नाट्योत्सवात, प्रेक्षागृह भरलेले असताना, मित्रांकडून आलेल्या चांदीचे एकेका टॅलंटचे भाग रंगभूमीवर आणून दाखवीत, असे आयसॉक्रेटीस पुढच्या शतकात खेदाने लिहितो. त्या प्रेक्षकांत मित्रनगरांचे लोकही बसलेले असत.

ह्याच काळात अथेन्सच्या सभेत एक वाद झाला, आणि आमच्या विषयाच्या दृष्टीने सर्व प्राचीन वाङ्मयात त्याहून महत्त्वाचे स्थळ नसेल. तो वृत्तांत पाचएक शतकांनंतरच्या प्लूटार्ककडून आपणांस मिळतो, म्हणून शब्दशः विश्वास ठेवण्याचे कारण नाही. परंतु युक्तिवाद असा रेखीव आहे की तो सर्वस्वी नंतर रचलेला असेल असे वाटत नाही. पेरिक्लीसच्या विरोधकांनी आक्षेप घेतला की, युद्धासाठी दिलेल्या पैशाने आपण नगरीला दागदागिने घालीत आहोत, आणि साऱ्या ग्रीसला हा अपमान वाटतो. पेरिक्लीसचे उत्तर असे होते की, मित्र घोडा देत नाहीत, जहाज देत नाहीत, शिपाई देत नाहीत, देतात तो केवळ पैसा. आणि पैसा हा देणाऱ्याचा नसून घेणाऱ्याचा असतो, जोवर घेणारा कबूल केलेले काम पार पाडतो तोवर. येथे एका वाक्यात वर्गणीचे रूपांतर मोलात झाले आहे. भागीदार खर्चाचा हिशेब मागू शकतो. गिऱ्हाईक मिळालेल्या मालापुरतेच बोलू शकते. पार्थेनॉन इ. स. पू. ४४७ ते ४३२ ह्या काळात उभे राहिले. ते पाहून आनंदित न होणारा मनुष्य विरळा, आणि तरीही विरोधकांच्या आक्षेपास उत्तर मिळाले असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही; कारण काम पुरे झाले की नाही हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न पेरिक्लीसने मोठ्या चातुर्याने बाजूस सारला.

पुढचा भाग थोडक्यात सांगता येईल. युद्धारंभी, इ. स. पू. ४३१ मध्ये, मित्रांकडून वर्षास सरासरी ६०० टॅलंट येत असे पेरिक्लीसच्या तोंडी आहे. इ. स. पू. ४२५ च्या नव्या आकारणीची बेरीज, दगड भग्न असला तरी, १,४०० टॅलंटहून अधिक होती. इ. स. पू. ४१३ मध्ये फोरोस बंद करून त्याऐवजी समुद्रमार्गे जाणाऱ्या मालावर विसावा हिस्सा जकात बसविण्यात आली. इ. स. पू. ४०४ मध्ये अथेन्सचा पाडाव झाला.

ह्यानंतर जे घडले ते भाषेच्या अभ्यासकास विशेष रुचेल. इ. स. पू. ३७८–३७७ मध्ये, बरोबर शंभर वर्षांनी, अथेन्सने स्पार्टाविरुद्ध दुसरा संघ उभारला. त्याचा जाहीरनामा दगडावर कोरलेला उपलब्ध आहे. सामील होणाऱ्या नगरास स्वातंत्र्य राहील, तेथे लष्करी ठाणे बसणार नाही, अधिकारी नेमला जाणार नाही, आणि फोरोस घेतला जाणार नाही, अशी वचने त्यात आहेत. मित्रांची स्वतंत्र परिषद अथेन्समध्ये भरे व तीत अथेन्सला मत नसे. जुन्या शब्दाची दहशत एवढी होती की तो निषेधरूपाने शिळेवर कोरावा लागला. परंतु जहाजांना पैसा तर लागतोच. काही वर्षांतच मित्रांकडून रकमा घेतल्या जाऊ लागल्या. फोरोस ह्या शब्दाचा मित्रांना तिटकारा होता म्हणून कॅलिस्ट्रॅटस नावाच्या मुत्सद्द्याने ह्या रकमांना ‘सुन्ताक्सिस’ असे नाव दिले, असे इतिहासकार थिओपॉम्पस ह्याने नोंदविले आहे.

‘सुन्ताक्सिस’ म्हणजे एकत्र मांडणी, जुळणी. हाच शब्द पुढे ग्रीक वैयाकरणांनी वाक्यातील पदांच्या रचनेसाठी वापरला, आणि युरोपीय भाषांतील व्याकरणग्रंथांत तो आजही त्याच अर्थाने नांदतो. आम्ही वर्गात वाक्यरचना शिकवितो तेव्हा एका बुडालेल्या संघाच्या वर्गणीचे नाव उच्चारीत असतो, हे विद्यार्थ्यांस सांगितले तर त्यांचा विश्वास बसत नाही. कॅलिस्ट्रॅटसची निवड मात्र निव्वळ लबाडी होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. फोरोसमध्ये ‘आणून देणे’ होते, म्हणजे दिशा एकच. सुन्ताक्सिसमध्ये ‘सु(न्)’ म्हणजे सह हा उपसर्ग आहे, म्हणजे पक्ष अनेक. नवे नाव व स्वतंत्र परिषद मिळून एक प्रामाणिक प्रयत्न होता. तो प्रयत्न इ. स. पू. ३५७ ते ३५५ च्या मित्रांबरोबरील युद्धात विफल झाला. किऑस, र्‍होड्स, बायझँटिअम बाहेर पडले. डेमॉस्थेनीस पुढे सांगतो की, एक वेळ अशी होती की सुन्ताक्सिसची एकूण रक्कम ४५ टॅलंट होती, आणि तीही आगाऊ वसूल झालेली.

आपल्या देशाच्या इतिहासात ह्या प्रकरणाचे प्रतिबिंब दिसते ते उलट्या बाजूने. बाळाजी विश्वनाथाने १७१९ मध्ये दिल्लीहून दक्षिणेच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा आणल्या. चौथाईच्या बदल्यात १५,००० फौज बादशाही चाकरीस ठेवावयाची होती. एकच रक्कम मराठ्यांच्या दृष्टीने हक्क होती, मोगलांच्या दृष्टीने फौजेचे मोल होते, आणि ज्या रयतेने ती दिली तिच्या दृष्टीने खंडणी होती. मराठीत ‘खंड’ म्हणजे ठरवून टाकलेली रक्कम. जमीन खंडाने देतात त्यातला हा शब्द. खंडणीच्या मुळाशीही अशीच ठरविण्याची कल्पना आहे, जुलमाची नाही. जुलूम अर्थात मागाहून शिरला, फोरोसमध्ये शिरला तसाच.

शतक संपेपर्यंत पैसे घेणारे पैसे देणारे झाले. निजामाने १७९८ च्या तहाने इंग्रजांच्या सहा पलटणींसाठी वर्षास २४ लाखांवर रुपये देण्याचे मान्य केले, आणि १८०० मध्ये रोख रकमेऐवजी टिपूकडून मिळालेला मुलूखच तोडून दिला. दुसऱ्या बाजीरावाने ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईस जो तह केला त्यात निदान ६,००० पायदळ कायम ठेवून घेण्याचे व त्याच्या खर्चासाठी २६ लाख उत्पन्नाचा मुलूख देण्याचे ठरले. अथेन्सच्या संघात माणसांऐवजी पैसा आला होता. येथे पैशाऐवजी जमीन आली. रोख रक्कम थकू शकते, आणि थकणारी रक्कम ही दुर्बळ मित्राच्या हातातील शेवटचे हत्यार असते. मुलूख देऊन टाकल्यावर थकविण्यासारखे काही उरत नाही.

इंग्रजी तहनाम्यांतील ‘सबसिडी’ हा शब्दही पाहण्यासारखा आहे. लॅटिन ‘सुब्सिदियुम’ म्हणजे रणांगणात मागे बसवून ठेवलेली राखीव तुकडी. त्यातील ‘सेद्’ हा आपल्या ‘सद्’ धातूचा सगोत्र. जो शब्द मुळात मदतीस येणाऱ्या शिपायांचा होता, तो इंग्रजीत मदतीदाखल दिलेल्या पैशाचा झाला. मराठी कारभाऱ्यांनी तो पैशाचा शब्द उचलला नाही. त्यांनी ‘तैनाती फौज’ म्हटले. अरबी ‘तैनात’ म्हणजे नेमणूक. नेमणारा कोण हे शब्द सांगत नाही, आणि तहातील साऱ्या संदिग्धतेचे सार ह्या न सांगण्यात आहे.

विसाव्या शतकातील उदाहरणांकडे केवळ दृष्टिक्षेप टाकता येईल. १९४९ च्या उत्तर अटलांटिक करारात रकमेचा उल्लेख नाही. स्वतःच्या व परस्परांच्या साहाय्याने प्रतिकारशक्ती वाढविण्याचे वचन आहे. कोणी किती भार उचलावा हे पाहण्यासाठी १९५१ मध्ये हॅरिमन, मॉने व प्लाउडन ह्या तिघांवर काम सोपविण्यात आले. ॲरिस्टायडीसचे काम एका माणसाकडून समितीकडे आले एवढाच फरक. २०१४ मध्ये वेल्स येथे ठरले की, राष्ट्रीय उत्पन्नाच्या २ टक्क्यांहून कमी खर्च करणाऱ्या राष्ट्रांनी दहा वर्षांत त्या मर्यादेकडे सरकण्याचे उद्दिष्ट ठेवावे. सरकण्याचे, आणि तेही उद्दिष्ट. प्रत्येक क्रियापदामागे एकेका राष्ट्राची रात्रभराची घासाघीस उभी आहे. हा पैसा प्रत्येकाने आपल्याच सैन्यावर खर्चावयाचा असतो, कोणाकडे भरावयाचा नसतो. तरीही २०१७ च्या मे महिन्यात ब्रुसेल्स येथे अध्यक्ष ट्रम्प ह्यांनी अनेक सभासद मागील वर्षांचे पैसे देणे लागतात अशा आशयाचे विधान केले, आणि आकारणीच नसलेल्या संघात थकबाकी हा शब्द शिरला. २०२५ मध्ये हेग येथे २०३५ पर्यंत ५ टक्क्यांचे उद्दिष्ट ठरले, त्यांपैकी ३.५ टक्के प्रत्यक्ष सैन्यासाठी आणि १.५ टक्के पायाभूत सोयी व तत्सम गोष्टींसाठी. ह्या दुसऱ्या भागात काय मोडते ह्यावर पुढील वाद होणार हे सांगावयास भविष्यवेत्ता नको.

जपानने नावाचा प्रश्न अधिक उघडपणे हाताळला. अमेरिकन तळांच्या खर्चातील कराराने बंधनकारक नसलेला वाटा जपानने १९७८ पासून उचलण्यास आरंभ केला, तेव्हा संरक्षणविभागाचे प्रमुख कानेमारू शिन ह्यांनी त्याला ‘ओमोइयारी’ म्हणजे सहानुभूती, दुसऱ्याच्या स्थितीची जाणीव, असे म्हटले, आणि ‘ओमोइयारी योसान’, सहानुभूतीचा अर्थसंकल्प, हे नाव रूढ झाले. देणारा वरच्या पायरीवर उभा आहे असे सूचित करणारे हे कदाचित एकमेव नाव असावे. अमेरिकेस ते कधीच फारसे आवडले नाही. डिसेंबर २०२१ मध्ये पाच वर्षांचा नवा करार ठरला, एकूण सुमारे १ लाख ५ हजार कोटी येनचा, आणि त्या वेळी जपान सरकारने मैत्री बळकट करण्याचा अर्थसंकल्प अशा अर्थाचे नवे नाव जाहीर केले. तळांवरील वीज-पाण्याचा जपानी वाटा त्यात टप्प्याटप्प्याने कमी करण्यात आला, आणि सरावाच्या साहित्याची एक नवी बाब घालण्यात आली, ज्या साहित्याचा उपयोग जपानच्या सैन्यासही व्हावयाचा होता. जपानी वृत्तपत्रे मात्र त्यानंतरही ‘ओमोइयारी योसान’ असेच लिहीत राहिली.